देशाचा रकाना

जगातल्या शहरांची यादी करणाऱ्या त्या ऑफिसात एका शहराने सगळ्यांच्या डोक्याला ताप दिला होता. शेजारचे दोन्ही देश ते शहर आपलंच म्हणत. 'देश' या रकान्यात एकाचं नाव घातलं की दुसऱ्या देशातले ग्राहक हात धुऊन मागे लागत, आणि रकाना रिकामा सोडला तर सॉफ्टवेअर ती ओळच घेत नसे.

"उडवून टाका ते शहर," साहेब वैतागून म्हणाले. "एका शहरावाचून जगाचं काय अडणार आहे?"

नोंदी करणाऱ्या बाईने मान वर केली नाही. "कुरिअरवाले आपलीच यादी वापरतात. शहर उडवलं की तिथलं पार्सल कुणी घेणार नाही."

"ते त्यांचं त्यांनी बघावं."

बाईने वाद घातला नाही. तिने देशाच्या रकान्यात त्या शहराचंच नाव टाकलं. एका शहराएवढे देश जगात आहेतच, त्यामुळे सॉफ्टवेअरने निमूटपणे हिरवी खूण दिली.

साहेब पडद्यापाशी येऊन बघतच राहिले. "हा देश कधी जन्माला आला?"

"आत्ता. तुमच्यासमोर."

"आणि उद्या कुणी विचारलं, तिथला कारभार कोण बघतं, तर काय सांगू?"

"माझी आई बघते म्हणून सांगा," बाई म्हणाली. "दर महिन्याला तिच्या औषधांचं पार्सल मी इथूनच पाठवते. आता हात लावून दाखवा त्या ओळीला."