रव्यातला गुलाब

मला बघायला आलेल्या मुलाच्या आईने शिऱ्याचा चमचा उचलला. त्यात काळपट लाल तुकडा दिसला आणि मला कळलं, आईने माझा डबा उघडलाय.

फूल वाळवायला रवा उत्तम, असं मी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून मकरंदने दिलेला गुलाब, देठाला बांधलेल्या चिठ्ठीसकट, रव्यात पुरून ठेवला होता. मकरंदचं आणि माझं पुढे संपलं, पण ते सुरू झाल्याचंच घरात माहीत नव्हतं. आणि पाहुणे यायचे म्हटलं की आई चष्मा काढून ठेवते.

“केशर सढळ हाताने घातलंय हो,” मुलाची आई म्हणाली.

“घरचंच आहे,” आई म्हणाली.

मी प्रत्येक बशीवर नजर ठेवून होते. बाबांना एक पाकळी आली, ती त्यांनी बेदाणा समजून खाल्ली. मग मुलाचा चमचा थांबला. त्याने पाकळी चिकटलेली, तुपाने माखलेली घडी बशीच्या कडेला ओढली, बोटाने उलगडली, ‘तुझाच, मकरंद’ एवढं वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“काय रे, खडा लागला का?” त्याच्या आईने विचारलं.

“वेलदोड्याचं साल आहे,” म्हणत त्याने चिठ्ठी तोंडात टाकली, नीट चावली, गिळली. मग पाणी मागितलं.

नंतर आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं. काय सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. तो कठड्याला टेकला.

“रव्यात काळा पडतो,” तो म्हणाला. “वाळूत पुरायचा. मला मिळालेले दोन्ही अजून लाल आहेत.”