चष्मेवाल्याचं समग्र वाङ्मय

जगातलं सगळं थोर वाङ्मय एका पारड्यात आणि आपल्या गोष्टी दुसऱ्या पारड्यात, असं वाचनालयाच्या पायरीवर उभ्या असलेल्या चष्मेवाल्याचं ठाम मत होतं. या वाङ्मयाला वाचक एकच, त्याची लेक. तीही आता म्हणाली, "बाबा, ही सांगून झाली."

आज तिच्या नोकरीचा पहिला दिवस. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. "ठेवून बघू," एवढंच इथले साहेब म्हणाले होते. उशीर झाला तर बघणं तिथंच संपणार होतं.

लेक स्वमग्न. माणसांत कसं वागायचं ते इतरांना आपोआप कळतं, तिला गोष्टीतून कळे. म्हणून लहानपणी प्रत्येक संकटावर बाबांची चार ओळींची गोष्ट तयार असे. 'केस कापताना', 'रांगेत उभं राहताना', 'खेळात हरल्यावर'. आई म्हणायची, चष्मेवाल्यानं लोकांना वाचायला लावावं, आपण लिहायला बसू नये. म्हणायची, आणि दाराआडून ऐकायची.

घोटाळा एकदाच झाला. दातांच्या डॉक्टरांच्या गोष्टीत 'डॉक्टर हसतात' असं वाक्य होतं. डॉक्टरांच्या तोंडाला मास्क. ते हसताना दिसेपर्यंत लेकीनं तोंड उघडलं नाही. बिचाऱ्यांनी मास्क काढून आपले दात दाखवले, तेव्हा कुठे हिनं आपले दाखवले. त्या दिवसापासून बाबांच्या वाङ्मयात 'बहुधा' हा शब्द शिरला.

"साहेब बहुधा प्रेमळ असतात," बाबांनी पुन्हा सुरुवात केली. आवाज मध्येच घसरला. वाचनालयाचं दार उघडलं होतं. आतून कुणीतरी घड्याळाकडे बघत होतं.

लेकीनं त्यांच्याकडे न बघता, त्यांच्याच सुरात सांगायला घेतलं.

"कधीकधी मुली मोठ्या होतात. त्या कामाला जातात. तेव्हा बाबांना कसंतरी होतं. असं बऱ्याच बाबांना होतं. संध्याकाळी मुलगी बहुधा घरी येते."

"बहुधा?" बाबा दचकले.

"बस चुकू शकते."

बाबा हसायला गेले, रडायला गेले, धड एकही जमलं नाही. आजवर त्यांच्यासाठी कुणी गोष्ट रचली नव्हती. चष्मा पुसायचा म्हणून त्यांनी एक हात वर नेला. दुसरा काही केल्या येईना.

"पुढं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"पुढं काही नाही," लेक म्हणाली. "तुम्ही माझ्या पिशवीचा पट्टा धरलाय, तो सोडा."