भाषांतरातल्या शंका

निवृत्त पोस्टमास्तरांनी परग्रहावर घडणारी एक कादंबरी लिहिली होती. तिचं इंग्रजी भाषांतर करणारी तरुणी दोन वर्षं रोज सकाळी फोन करायची. "काका, 'हुरहूर' म्हणजे नेमकं काय हो?" बायको गेल्यापासून त्यांना काही विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. ते तासभर समजावत बसायचे.

इंग्रजीत भाषांतरित झालेल्या विज्ञान कादंबऱ्यांचा मोठा पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. दोन दिवस अभिनंदनाचे फोन आले, मग सगळं शांत झालं. महिन्याभराने त्यांनीच तिला फोन लावला.

"काका, काही काम होतं का?"

"नवी कादंबरी लिहायला घेतलीय."

"अरे वा, कशी होतेय?"



"जमेल तेवढी अवघड लिहितोय. तुला रोज फोन करावा लागेल."