चाबकाची रीत

शनिवारी सकाळी अकरा वाजता, आयर्लंडमधल्या किलकेनीबाहेर, शिकारी कुत्र्यांनी कोल्ह्याचा माग सोडून एका घराच्या परसात मांजर घेरलं. घर नरेशचं, मांजर त्याच्या मुलीचं. नरेश घोड्यावर होता. लॉकडाऊननंतर नव्यानेच शिकारीच्या क्लबात उमेदवार सभासद म्हणून आलेला.

"अरे, हातात चाबूक आहे ना? मार त्यांना!" त्याची बायको शोभना खिडकीतून मराठीत ओरडली.

पण क्लबच्या रीतीप्रमाणे नवख्याने कुत्र्यांवर चाबूक उगारायचा नसतो. त्यांच्याकडे घोड्याचं तोंड करून थांबायचं असतं. नरेश थांबला. घर आपलं आहे, हेही बोलला नाही. मांजर वाचलं नाही.

संध्याकाळी परतताना क्लबप्रमुखांचा फोन आला. "अभिनंदन, रीत पाळलीस. आता तू आमच्यातला. त्या मांजरवाल्या बाईंची माफी मागून ये. आमच्याकडे ते काम नव्या सभासदाचं."



शेवटची बातमी कळली तेव्हा नरेश आपल्याच घराच्या दाराबाहेर उभा होता. बेल वाजवलेली नव्हती.