टाकीतला मीटर

प्रवेगक म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र; त्याच्या टाकीत जाणाऱ्याने यंत्राची एकुलती एक किल्ली खिशात घालायची, म्हणजे बाहेरून कुणी ते चालू करू शकत नाही. मी आत होते, किल्ली माझ्या खिशात होती. टाकीच्या मधोमध असलेल्या, विद्युतभार साठवणाऱ्या घुमटाला अर्थिंग दिलेलं होतं, म्हणजे त्यावर भार उरलेला नव्हता. तरी टाकीत बसवलेल्या व्होल्टमीटरची बाहेरच्या टेबलावरची सुई, घुमटाजवळ भार आल्यासारखी, चढत होती. मीटर मीच बनवलेला. दोष सापडल्याशिवाय मी हटणार नव्हते.

"तुझ्या कपड्यांवरचा विद्युतभार असेल," टाकीकडे पाठ करून सुई वाचणारे काका ओरडले. "घुमटापासून लांब हो बघू."

मी सरळ बाहेरच आले.

"अगं, लांब म्हटलं, जवळ काय जातेस? सुई आणखी चढली," काका सुईवरच नजर ठेवून म्हणाले.

"काका, मी तुमच्या मागे उभी आहे."

ते दचकून वळले. मी पुन्हा टाकीत पाय ठेवला. "आता?"

"उतरतेय," ते पुटपुटले. "कुणीतरी मागे सरकावं तशी."

"म्हणजे मीटरमध्ये दोष नाही. मी आत थांबते, बाहेरून दार लावा, काका."