एक्स्पोर्टची एक ओळ

स्क्रीनवर पुन्हा तेच लाल वाक्य उमटलं. ‘बोल’ हे फंक्शन नाही.

“नाही कसं?” ती वैतागली. प्रोग्रॅममधलं हे फंक्शन तिनेच लिहिलं होतं. टाइप केलेलं वाक्य घ्यायचं आणि बाबांच्या आवाजात बोलून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. तो आवाज तिने फोनमधल्या त्यांच्या जुन्या व्हॉइस मेसेजवरून तयार केला होता. खरा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. आता दुसऱ्या ऑपरेशनसाठी त्यांना उद्या सकाळी भरती करायचं होतं.

आई पुन्हा दारात आली. “राहू दे गं आता. ऑपरेशन झालं की बघ निवांत.”

बाबा समोरच्या खुर्चीत बसले होते. गळ्याला पट्टी, नजर स्क्रीनवर. जेवायलाही उठले नव्हते.

शेवटी तिने ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला आणि कोड वाचून दाखवला. मैत्रीण हसली. “अगं, या फाइलमधून तू फंक्शन देतच नाहीयेस. ऑब्जेक्टमध्ये गुंडाळून देतेयस. पलीकडच्या फाइलला हवंय फंक्शन आणि हातात पडतोय डबा. डब्याला बोल म्हटलं तर तो बोलेल का? थेट फंक्शनच बाहेर दे, तेच एक्स्पोर्ट कर.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. एक्स्पोर्टच्या ओळीतले दोन महिरपी कंस खोडले आणि फाइल सेव्ह केली. लाल वाक्य आलं नाही.

तिने कीबोर्ड बाबांच्या मांडीवर ठेवला. “बोला बाबा. मनात येईल ते बोला.”

बाबा एका बोटाने अक्षरं शोधत राहिले. मग त्यांनी बटण दाबलं. खोलीत त्यांचा आवाज आला. तोच, जरासा खरखरीत.

“मला दुसरं ऑपरेशन नको. घरीच राहू द्या.”

आनंदाने टाळी वाजवायला उचललेले तिचे हात तसेच राहिले. “पण बाबा, डॉक्टरांसमोर तुम्हीच तर मान डोलावलीत!”

बाबा आईकडे बघत होते. आईने दाराची चौकट घट्ट धरली.

“मला कितीदा तरी लिहून दाखवलं त्यांनी,” आई म्हणाली. “कागदावरचं फाडता येत होतं गं.”