समोर विचारा

नातीने विषारी बिट्टीचं बी चावून गिळलं, तसे हार्डवेअरवाले दिनकरअण्णा शेटे भिंतीवरच्या 'पत्त्या'ला ओरडून औषध विचारू लागले. पत्ता म्हणजे त्यांच्या लेकीच्या, नीलांबरीच्या कंपनीचं बोलतं सर्च इंजिन.

"अण्णा, याचं औषध आत्ता कुठल्या दवाखान्यात आहे, ते माझ्याकडे पक्कं नाही," पत्ता म्हणाला. "समोर 'सर्वज्ञ'कडे आहे. जोडून देतो."

सर्वज्ञ म्हणजे नीलांबरीला बाजारातून उठवायला निघालेलं बलाढ्य इंजिन! पण त्याने सांगितलेल्या दवाखान्यात औषध मिळालं आणि नात वाचली.

"अगं, तुझं यंत्र गिऱ्हाईक वैऱ्याकडे पाठवतं?" संध्याकाळी अण्णांनी लेकीला फैलावर घेतलं.

"आणि तुम्ही? आपल्याकडे बिजागरी नसली की समोर हकीमभाईंकडे पाठवता ना? तुमच्याच काउंटरमागे बसून शिकले मी."

पत्ता थापा मारत नाही म्हणून लोक हळूहळू आधी त्यालाच विचारू लागले.

वर्षभराने अण्णांनी मुद्दाम सर्वज्ञला गाठलं. "जुन्या पितळी कुलपाची किल्ली कोण घडवून देईल?"

सर्वज्ञ आजवर कधीच कुणाला 'नाही' म्हणाला नव्हता.

"ते माझ्याकडे नाही, अण्णा," तो म्हणाला. "समोर विचारा."